चौदावा दिवस

वाम माशाची पिल्लं तेराव्या दिवसापर्यंत
आईनं बांधून दिलेल्या शिदोरीवर जगतात.
पोटाशी पिवळा थेंब, रोज थोडा लहान.
मग थेंब संपतो, जबडा उघडतो,
आणि त्या जबड्यात काय घालायचं
हे कुणालाच ठाऊक नाही.

समुद्राला ठाऊक असेल. तो सांगत नाही.

जटलंडच्या उत्तर टोकाला, मासळी-बंदरामागे,
पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही चौघं
काचेच्या गोल टाक्यांवर वाकून असतो.
लाल दिवा. खारं पाणी. पंपाची घरघर,
जी आता घरी झोपेतही ऐकू येते
आणि थांबली की जाग येते.

कॉडची गाभोळी वाटून घातली.
शिंपल्यांचा रस, यीस्ट, अंड्याचा बलक.
एकदा तर टोर्किलनं स्वतःच्या डब्यातलं
पावावर लावायचं कलेजीचं वाटण पाण्यात कालवलं
आणि वहीत रीतसर नोंदवलं: खाद्य क्रमांक बत्तीस.
पिल्लं त्यातून आरपार पोहत गेली,
काचेहून पारदर्शक, डोळ्यांचे नुसते दोन ठिपके,
जणू पाणीच आमच्याकडे बघायला लागलंय.

घोडं कुठे पेंड खातंय ते शोधा, म्हणतात.
आमचं घोडं काही खातच नाही.

आम्ही काही नियम केलेत.
पिल्लांना नावं द्यायची नाहीत.
(रिग्मोरनं एकदा दिलं. त्यानंतर नियम झाला.)
मेलेली मोठ्यानं मोजायची नाहीत.
'कदाचित' चालेल;
'नक्की' म्हणणाऱ्यानं सगळ्यांसाठी केक आणायचा.

एवाल्ड निवृत्त होऊन सहा वर्षं झाली.
तरी बुधवारी येतो, पिपेट धुतो,
एकेक दिव्यासमोर धरून पाहतो.
अठ्ठावीस वर्षं त्यानं हाच प्रश्न उगाळला.
नूकहून नुकती आलेली पिपालुक त्याला विचारून बसली,
हाती काय लागलं?
तो म्हणाला, बावीस गोष्टी, ज्या ती खात नाहीत.
तुमच्या यादीतल्या पहिल्या बावीस माझ्या.
आणि फडकं पिळून दोरीवर टाकलं.

तुकडी संपली की, म्हणजे टाकीच्या तळाशी
पांढरा गाळ बसला की, आम्ही समुद्रावर जातो.
फेब्रुवारी असला तरी. कपडे वाळूत,
मानेपर्यंत पाण्यात, दात वाजतायत,
कुणी काही बोलत नाही.
एकदा रिग्मोरनं तोंडात पाणी घेतलं, थुंकलं,
म्हणाली, खारट. बारा वर्षांत एवढंच कळलंय मला.
त्या दिवशी आम्ही खूप हसलो,
गरजेपेक्षा जास्त.

गेल्या महिन्यात, टाकी सात, खाद्य एक्केचाळीस,
चौदाव्या दिवशी पहाटे चारला
मी एक पिल्लू भिंगाखाली घेतलं.
आतड्याच्या दोऱ्यात ठिपका. हिरवट.
धूळ असेल म्हणून काच पुसली.
मग डोळे पुसले. मग पुन्हा काच.
ठिपका सरकला, आतल्या आत, शेपटीच्या दिशेनं,
जेवण सरकतं तसा.

मी कुणाला फोन केला नाही.
आधी पंपावर हात ठेवला, सुरू आहे ना.
मग बाकीची दोनशे सहा पाहिली.
एकाच्याही पोटात काही नव्हतं.

ती सगळी सतराव्या दिवसापर्यंत गेली.
ते एक एकोणिसाव्या दिवशी.
'कारण' या रकान्यात लिहिलं: माहीत नाही.
त्याच्या शेजारचा रकाना, 'आतड्यात',
एवाल्डनं आखलेला,
पहिल्या वहीपासून कोराच होता.
तिथे लिहिलं: काहीतरी.

बुधवारी एवाल्डनं वही वाचली.
चष्मा काढला, घातला, पुन्हा वाचली.
हातातून साबणाचं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं.
नक्की? त्यानं विचारलं.

पिपालुक म्हणाली, केक तुमच्याकडे लागला.

पुढच्या बुधवारी त्यानं आणला, सफरचंदांचा, थोडा करपलेला.
खाद्य बेचाळीस वाटून होईपर्यंत
तो खोक्यातच राहिला.